शालनकाकूंच्या घरचा हुंग्या

शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी कवळी भर पंगतीत जिलबीला चिकटून बाहेर येवो, आणि शेजारी व्याही बसलेले असोत. मागच्या खेपेला कृष्णेतली मगर ऊसतोडीला जायची म्हणून सांगितलं होतं, ते सोडा. ती गोष्ट वेगळी. ही खरी.

सन दोन हजार अडतीस सालची गोष्ट. मिरजेत भोवऱ्या ताप आला ते साल. हा ताप असा, की आधी दोन दिवस डोकं भोवऱ्यासारखं गरगरायचं, मग अंग तापायचं आणि मग छाती भरायची. जवान माणूस उठून बसायचा. साखरेची माणसं, म्हातारीकोतारी, मूत्रपिंडाची दुखणेकरी मात्र जायची.

मिरज म्हणजे हॉस्पिटलांचं गाव. एका गल्लीत जितकी घरं तितक्या पाट्या. लांबलांबची माणसं दुखणं घेऊन येतात, महिनोन्‌महिने खोली करून राहतात. शालनकाकू चौगुल्यांचं घर अशाच एका गल्लीत, हॉस्पिटलांच्या मागच्या बाजूला. खाली काकू आणि त्यांचे मालक बापू, वर एक खोली-स्वयंपाकघर भाड्यानं. काकूंचं वय बासष्ट, गुडघे नव्वदीचे, आणि स्वच्छता इतकी दांडगी की त्यांच्या फरशीवरनं पाल चालताना घसरायची. बापू एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. अंगणातल्या जुन्या संडासात बसून निवांत बिडी ओढायची, एवढीच त्यांची चैन.

वर राहायला होती प्रणिता लोखंडे आणि तिचे वडील. जतकडची माणसं. वडिलांना सगळी गल्ली तात्या म्हणायची. तात्यांची मूत्रपिंडं बसली होती, सोमवारी आणि गुरुवारी मशिनवर रक्त धुऊन घ्यावं लागायचं. ती पाळी चुकली की अंगातलं पाणी फुफ्फुसात चढतं. म्हणून हॉस्पिटलपासून चालत जाता येईल अशी खोली त्यांना पाहिजे होती. प्रणिता घरी बसून कुठल्यातरी कंपनीचे हिशेब तपासायची आणि बापाचं पथ्य सांभाळायची. तात्यांना मीठ नाही, मिरची नाही, पाणीसुद्धा मोजून. म्हातारा मात्र गमत्या. "शालनताई," म्हणायचा, "माझ्या लेकीचं जेवण चाखून बघा. चव सापडली तर मलाबी कळवा."

काकू हसायच्या. दीड वर्ष चांगलं चाललं होतं, हे मुद्दाम सांगते. काकू काही राक्षसीण नव्हत्या. राक्षसिणीची गोष्ट सोपी असते.

आता यंत्राचं ऐका. पालिकेनं त्या साली प्रत्येक घराच्या सांडपाण्याच्या नळीवर डब्याएवढं एक यंत्र बसवलं होतं. त्याचं सरकारी नाव चार ओळींचं. लोक त्याला हुंग्या म्हणत. भोवऱ्याचा विषाणू आधी आतड्यात वाढतो आणि नाकाघशात उशिरा येतो. ताप यायच्या आठवडाभर आधीच तो शौचावाटे बाहेर पडायला लागतो. म्हणून नाकात बोळा घालून केलेली तपासणी कोरी आली तरी कुणी तिच्यावर विसंबत नसे. हुंग्या रोज पहाटे नळीतलं थेंबभर पाणी ओढून घ्यायचा, कोमट करायचा आणि त्यात एक रसायन सोडायचा. विषाणूच्या जिवाचा एखादा तुकडा जरी त्या थेंबात असला, तर ते रसायन त्याच्या नकला काढत सुटायचं. एकाच्या दोन, दोनाच्या चार, तासाभरात अब्जावधी. तेवढ्या झाल्या की थेंब चमकायचा. चमकला की घरमालकाच्या फोनवर हिरव्याचा लाल ठिपका.

नळीत नुसतंच आंघोळीचं पाणी गेलं असेल तर? त्यावरही शहाण्यांनी तोड काढली होती. मिरचीच्या झाडाला एक विषाणू लागतो. माणसाला त्याचा काही त्रास नाही. आपण मिरची खातो, तो आपल्या पोटातून सुखरूप प्रवास करून पलीकडं उतरतो. तर हुंग्या आधी मिरचीचा विषाणू शोधायचा. तो सापडला, म्हणजे इथनं माणूस गेला, पुढची तपासणी खरी. माणसाची खूण मिरची. आमच्याकडच्या माणसाची तर नक्कीच.

आणि कायदा असा होता, की साथ जाहीर झाल्यापासून संपेपर्यंत कुठल्याही भाडेकरूला घराबाहेर काढायचं नाही. अकरा महिन्यांचा करार संपला तरी तो आपोआप पुढं चालू. घरात लाल ठिपका आला तर उलट कवच आणखी जाड. औषधपाणी दारात, आणि हॉस्पिटलची पाळी असेल तर पांढरी गाडी घरी येऊन नेणार, वेगळ्या मशिनवर बसवणार. पण हे सगळं घराच्या पत्त्याला बांधलेलं. पत्ता सुटला की कवच सुटलं. आणि कायद्याला एक फट होती. भाडेकरूनं आपल्या राजीखुशीनं, सही करून खोली सोडली, तर कुणाचं काही चालत नव्हतं.

चौगुल्यांच्या घराला दोन नळ्या, म्हणून दोन हुंगे. एक खालच्या मजल्याचा, एक वरच्या. दोन्हींचे ठिपके काकूंच्या फोनवर, कारण मीटर मालकाच्या नावावर.

शुक्रवारी सकाळी काकूंनी फोन उघडला. खालचा मजला हिरवा. वरचा मजला लाल.

काकूंनी चहा बाजूला ठेवला. "अहो," त्यांनी अंगणात बापूंना हाक मारली, "वरती आला."

"कोण आला?"

"भोवऱ्या."

बापू संडासातनं बाहेर आले, ठिपका पाहिला. "तरीच म्हातारा काल खोकत होता," म्हणाले. म्हातारा काल खोकला नव्हता, पण लाल ठिपका पाहिला की माणसाला आदल्या दिवशीचा खोकला ऐकू येतो.

काकूंनी पायऱ्यांखाली उभं राहून प्रणिताला सांगितलं. ती वाकून ऐकत होती. चेहरा उतरला, पण पोरगी घाबरट नव्हती.

"काकू, आम्ही दोन महिन्यांत हॉस्पिटलशिवाय कुठं गेलो नाही."

"हॉस्पिटलातनंच येतं की गं."

"बरं. आम्ही दार लावून घेतो. पांढऱ्या गाडीचं मी कळवते."

"इथंच राहणार?"

"कायदा आहे ना, काकू."

"मी कुठं जा म्हणाले?" काकू म्हणाल्या. खरंच नव्हत्या म्हणाल्या.

ठिपका कुणाला सांगायचा नाही, असाही नियम होता. काकूंनी कुणालाच सांगितला नाही. फक्त दूधवाल्याला म्हणाल्या की वर दूध देऊ नकोस, दारातच ठेव. किराणावाल्याला म्हणाल्या, लोखंड्यांची यादी आली तर पिशवी लांबूनच दे. समोरच्या देसाईणबाईंनी विचारलं, तर काकूंनी नुसता पदर नाकाला लावला आणि डोळे वर केले. शनिवारी संध्याकाळपर्यंत गल्लीला सगळं माहीत. रविवारी कुणीतरी वरच्या खिडकीखाली चुन्याची रेघ ओढली. सोमवारी पांढरी गाडी तात्यांना न्यायला आली, तेव्हा गच्च्या भरल्या होत्या. तात्यांनी जाताना सगळ्यांना हात जोडले, लग्नाला आल्यासारखे. कुणी हात जोडले नाहीत.

मशिनवरनं आल्यावर म्हाताऱ्याला जिना चढवेना. खालच्याच पायरीवर बसला. काकू उंबऱ्याच्या आत होत्या.

"तात्या," काकू म्हणाल्या, आवाज अगदी मऊ, "समोर देसाईणबाईंची सून बाळंतीण आहे. सहा दिवसांचं पोर. मी काही म्हणत नाही. पण उद्या त्याला काही झालं, तर तुम्हालाच झोप लागायची नाही."

तात्यांनी मान खाली घातली. त्या माणसाकडं लपवायला काही नव्हतं, पण मान मात्र चोरासारखी गेली.

"तात्या, वर चला," प्रणिता म्हणाली. "काकू, तुम्ही माझ्याशी बोला. त्यांच्याशी नको."

"राहू दे पोरी," तात्या म्हणाले. "बाईंचं खरं आहे. आपल्यापायी दुसऱ्याच्या पाळण्याला धक्का नको. कुठं करायची सही?"

फोन काकूंनी तयारच ठेवला होता. अर्ज उघडून, नाव भरून. प्रणितानं तो वाचला, बापाकडं पाहिलं, आणि बोट टेकवलं. मंगळवारी सकाळी दोन बोचकी, एक कुकर आणि तात्या रिक्षातनं गेले. लाल ठिपक्याच्या माणसाला दुसरी खोली कोण देणार? गावाबाहेरच्या एका मंगल कार्यालयात बिनपत्त्याच्या लाल लोकांची सोय होती, तिथं गेले. पांढरी गाडी तिथं येत नव्हती. मशिनसाठी सांगलीच्या यादीत नाव घालायचं आणि थांबायचं.

काकूंनी वरची खोली जंतुनाशकानं तीनदा धुतली, कुलूप घातलं. त्या दिवशी त्यांना गाढ झोप लागली, हेही सांगायला पाहिजे.

बुधवारी सकाळी फोन उघडला. खालचा मजला हिरवा. वरचा मजला लाल.

काकूंनी चष्मा पुसला. फोन पुसला. ठिपका तसाच.

"काल धुतलेलं पाणी असेल," बापू म्हणाले. "रिकाम्या खोलीला कसला ताप येतोय?"

काकूंना मात्र एक संडास आठवला होता.

हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण काकूंनाच आधी आठवलं नाही, तर मी कशाला सांगू? नऊ वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा काकूंनी जिन्याखाली खुर्चीचा संडास करून घेतला होता. प्लंबर म्हणाला, तुमच्या खालच्या नळीपर्यंत न्यायचं तर सगळी फरशी फोडावी लागेल. वरनं येणारी नळी इथनंच जाते, तिला जोडून टाकू? काकूंच्या फरशीला हात लावायचा म्हणजे काय. जोडून टाका, म्हणाल्या. तेव्हापासून बापू अंगणात जात आणि काकू जिन्याखाली. म्हणजे वरच्या मजल्याच्या हुंग्यापाशी वरची दोन माणसं आणि खालची एक.

वरची दोन तर गेली होती.

आणि काकूंना दुसरंही आठवलं. ठिपका यायच्या आधीचा रविवार. जमावाला बंदी असताना त्या जयसिंगपूरला भाचसुनेच्या डोहाळजेवणाला जाऊन आल्या होत्या. दारं-खिडक्या लावून पंधरा बायका, फुलांची वाडी, आणि पंगतीत काकूंच्या हातचा खर्डा. बापूंना सांगितलं होतं, भावाला भेटून येते.

आता ऐका, माणूस कसा असतो ते. काकूंना कळलं होतं की हॉस्पिटलच्या दारातनं एका दुखणेकऱ्याला आपण हुसकलं आणि ते दुखणं आपलं होतं. एक फोन केला असता तर तासाभरात तात्यांच्या नावाचा ठिपका पुसला गेला असता. काकूंनी फोन उचलला. मग त्यांच्या डोळ्यांसमोर भावजय आली, दंडाची चिठ्ठी आली, देसाईणबाईंची गच्ची आली. त्यांनी फोन खाली ठेवला आणि ब्लीचिंग पावडरचा डबा उचलला. अख्खा डबा जिन्याखाली ओतला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत वास. उद्या ठिपका हिरवा झाला की कुणाला काय कळतंय.

गुरुवारी ठिपका पिवळा झाला. पिवळा ठिपका काकूंनी कधी पाहिला नव्हता.

शुक्रवारी सकाळी आरोग्य खात्याचे मुल्लाणी दारात आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, हातात टॅबलेटची पाटी. काकूंचं डोकं सकाळपासून हलकं हलकं फिरत होतं. त्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.

"काकू, वरचा मजला रिकामा ना?"

"मंगळवारपासून."

"मग वर खर्डा कोण खातंय?"

काकूंना कळेना. मुल्लाणींनी पाटी पुढं केली. "हे बघा. बुधवारी पहाटे वरच्या नळीत मिरची. आणि साधीसुधी नाही, आख्खं शिवार. ते लोखंडे तात्या तर पथ्याचे, त्यांच्या घरात मिरचीचा देठ नसणार. गुरुवारी काय बघतो, तर मिरचीसुद्धा गायब, नुसतं ब्लीचिंग. रिकाम्या मजल्यावर कुणीतरी खर्डा खाऊन पुरावा धुतोय. मला नोकरीत असलं पहिल्यांदा मिळालं."

"उंदीर असेल," काकू म्हणाल्या.

"खर्ड्याचा उंदीर मिरजेत तरी मी पाहिला नाही."

मागून बापू पुढं झाले. त्यांनी काकूंकडं पाहिलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना बरंच न सांगता कळायचं. "मी जातो वर," म्हणाले. "अंगणातल्याची कडी मोडली होती. बुधवारी गेलो, गुरुवारी मीच ब्लीचिंग टाकलं. वास येत होता."

"बरं." मुल्लाणींनी पाटीवर टिपलं. "म्हणजे उरलेला लाल लोखंड्यांचाच. तुमची तपासणी करतो, आणि हे प्रकरण मिटवतो."

मिटलं होतं. बापूंनी मिटवलं होतं. काकूंनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं त्यांना जड नव्हतं. मुल्लाणी फाटकापर्यंत गेले. काकूंनी विचारलं, आणि का विचारलं ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

"ते लोखंडे… कालची त्यांची पाळी झाली ना?"

"कुठली होतेय. सांगलीच्या यादीत अकरावा नंबर. सकाळी जाऊन आलो. झोपता येईना म्हाताऱ्याला, बसूनच श्वास घेतोय. मला म्हणतो, साहेब, त्या गल्लीतलं बाळ बरं आहे ना?"

काकू खुर्ची सोडून फाटकापर्यंत गेल्या. समोरच्या गच्चीवर देसाईणबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मुल्लाणी," काकू म्हणाल्या, "लिहिलंय ते खोडा."

"काय खोडू?"

"सगळं. ह्यांचं खोटं आहे. ती नळी माझी आहे. जिन्याखालचा संडास वरच्या नळीला जोडलाय. मी जयसिंगपूरला जेवायला गेले होते. ती माणसं लाल नव्हती. मी आहे लाल. मोठ्यानं बोलू का? वरपर्यंत ऐकू जात नसेल."

वरपर्यंत ऐकू गेलं होतं.

मुल्लाणी चांगले माणूस. त्यांनी काकूंना एक शब्द सुनावला नाही. उभ्या उभ्या तात्यांचा ठिपका पुसला, दबावानं घेतलेली सही म्हणून ती रद्द केली, लोखंड्यांचा पत्ता पुन्हा चौगुल्यांच्या वरच्या मजल्याला जोडला, आणि त्या पत्त्यावर गाडी बोलावली. गाडीनं तात्यांना मंगल कार्यालयातनं उचललं. सुनावलं असतं तर काकूंना बरं वाटलं असतं.

तात्या वाचले. चार दिवस ऑक्सिजनवर, आठ दिवस हॉस्पिटलात. छाती मात्र पहिल्यासारखी झाली नाही. काकूंना ताप आला, गेला. एकवीस दिवस घराला बंदीची पट्टी होती. गल्ली डबे द्यायची, पण फाटकातनं काठीनं ढकलून. काकू प्रत्येक डबा धुऊन परत ठेवायच्या आणि मान वर करायच्या नाहीत. जयसिंगपुरात भाचसुनेला काही झालं नाही, पण भावजयीनं बोलणं टाकलं. पट्टी निघाल्यावर पालिकेची माणसं आली आणि नळी वेगळी करायला त्यांनी उंबऱ्यापासून अंगणापर्यंत सगळी फरशी फोडली. काकू बघत बसल्या.

आणि लोखंडे परत आले. येणारच. कायद्यानं खोली त्यांची होती, आणि हॉस्पिटल तिथनंच चालत जाण्याजोगं होतं. रागानं दुसरीकडं जायला अंगात बळ लागतं.

प्रणिता दारात उभी राहिली. "मालकीणबाई, किल्ली."

दीड वर्ष काकू म्हणत होती. काकूंनी किल्ली दिली.

भांडण असं काही झालंच नाही. प्रणिता दूध आणायची, कचरा वेळेवर बाहेर ठेवायची, दिसल्यावर मान हलवायची. तात्या आता चेष्टा करत नसत. डोक्यावर त्यांची पावलं वाजायची. सोमवारी आणि गुरुवारी सावकाश उतरायची, सावकाश चढायची, आणि पाऊल वाजलं की काकू हातातलं काम सोडून स्वयंपाकघरात आत जाऊन उभ्या राहायच्या. आपल्याच घरात लपायला जागा शोधायची, दुसरं काय.

शेवटी दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, काकूंनी अळणी उपीट केलं. मीठ नाही, मिरची नाही, भाज्या दोनदा उकळून पाणी काढलेल्या. पथ्य मुल्लाणींना विचारून घेतलं होतं. ताटली पदराखाली धरली आणि दोन्ही गुडघ्यांना शिव्या देत त्या जिना चढल्या. एकेका पायरीवर थांबत चढल्या. दार उघडंच होतं. तात्या खाटेवर बसले होते.

"तात्या," काकू म्हणाल्या, "चुकलं माझं."

तात्यांनी सरकून जागा केली. "बसा. मला दिवसाला अर्धा कप चहा मिळतो. त्यातला अर्धा तुम्ही घ्या."

आतून प्रणिता कपबशी घेऊन आली, आणि म्हणाली, "घ्या, काकू."

झालं. एवढीच गोष्ट.

आता माझ्याकडं असं बघू नका. जिलबीची शपथ मला आठवतेय, म्हणून सांगते. सगळं खरं आहे. ठिपके खरे, मिरची खरी, मुल्लाणी खरे, रविवार खरा, उपीटसुद्धा खरं. त्या जिन्याला पायऱ्या अकरा. काकू ताटली घेऊन सहाव्या पायरीपर्यंत चढल्या, तेवढं खरं. वर प्रणिताचं पाऊल वाजलं, तशा त्या वळल्या आणि खाली आल्या. उपीट दुपारी बापूंनी मीठ घालून खाल्लं.

वरच्या पाच पायऱ्या मी चढवल्या.